नागरिकाचे धैर्य आणि तहकूब ग्रामसभा

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२५ जून १९७५ च्या रात्री जाहीर झालेली आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली. या काळाचे स्मरण करताना सामान्यतः तुरुंगांची व नेत्यांची नावे घेतली जातात, आणि ती घेतली जाणे रास्तच आहे. मृणाल गोरे यांना काही काळ शेजारच्या अकोल्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले होते. दुर्गाबाई भागवतांनी डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर असताना, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना, आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले आणि पुढे त्याची किंमतही मोजली. परंतु जे तुरुंगात गेले नाहीत, ज्यांना व्यासपीठ नव्हते, त्या लक्षावधी माणसांचे त्या काळातील वर्तन कसे होते, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळत नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर बुलढाणा जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही.

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी काँग्रेसला २० व जनता पक्षाला १९ जागा मिळाल्या. शेतकरी कामगार पक्षाने ५, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने ३ जिंकल्या. उरलेली एक जागा रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाची, आणि ती बुलढाण्याची. दौलत गुणाजी गवई तेथून निवडून आले. विदर्भातील बहुतेक जागा काँग्रेसकडे राहिल्या असताना, गटागटांत विभागलेल्या आणि पैशाने दुबळ्या अशा पक्षाचा उमेदवार येथे विजयी झाला. कापूस व ज्वारी पिकवणाऱ्या, रोजंदारीवर जगणाऱ्या या जिल्ह्याने तो कौल का दिला याचे एकच कारण सांगणे धाडसाचे होईल. तथापि, मतपेटीपाशी एकटे उभे राहून भीती बाजूला सारणारी माणसे येथे बहुसंख्य होती, एवढे तरी निर्विवाद आहे.

मात्र ही हकीकत येथेच थांबवली तर ती एक गोड दंतकथा होईल. जेमतेम अकरा महिन्यांनी, फेब्रुवारी १९७८ मध्ये, विधानसभेच्या निवडणुका झाल्या आणि ज्या पक्षाने आणीबाणी लादली त्याच्या इंदिरा गटाला विदर्भाने मोठे यश दिले. १९८० मध्ये बुलढाण्याची लोकसभेची जागाही काँग्रेसकडे परत गेली. मतदार विसराळू असतो असे म्हणून मोकळे होण्याची सवय पराभूत पक्षांना असते. समाजवादी त्याला अपवाद नाहीत. खरा प्रश्न असा की, १९७७ च्या त्या एका दिवशी प्रकट झालेले धैर्य उरलेल्या दिवसांत राहण्यासाठी कोणते घर होते?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर भीतीलाही एक रचना असते. त्या वेळच्या वऱ्हाडातील शेतकरी घ्या. पीककर्ज सोसायटीमार्फत जिल्हा बँकेचे, बियाणे व खत सोसायटीतून, आणि १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजनेत शासनाला द्यायचा. ज्याचा चुकारा येणे बाकी आहे तो माणूस चुकारा देणाऱ्याविरुद्ध किती मोठ्याने बोलेल? या व्यवस्थेचा प्रत्यक्ष दडपणासाठी वापर झालाच असे म्हणण्याचीही गरज नाही. तो होऊ शकतो एवढे कळले तरी माणूस गप्प बसतो. शिक्षकाची तीच गत. कुटुंबनियोजनाच्या मोहिमेत शस्त्रक्रियांची उद्दिष्टे शिक्षकांच्या आणि कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या गळ्यात बांधली गेली, आणि ज्याने मुलांना नागरिकशास्त्र शिकवायचे तोच दारोदार ‘केस’ शोधत हिंडला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही, पण संमत करणारे हात महाराष्ट्राचेच होते.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी सहकार हवा, शासकीय खरेदी हवी, ही मागणी समाजवाद्यांची होती आणि ती न्याय्य होती. परंतु व्यापारी जाऊन त्याच्या जागी जे मंडळ, जो महासंघ, जी बँक बसेल तिला जाब कोण विचारणार, याचा विचार मागणीच्या तुलनेत फारच थोडा झाला. परिणाम उघड आहे. मे २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने ठेवी स्वीकारण्यास मनाई केलेल्या जिल्हा बँकांमध्ये बुलढाण्याची बँकही होती. बँक एका दिवसात बुडत नाही. वर्षानुवर्षे वार्षिक सभा होतात, अहवाल वाचला जातो, ‘मंजूर, मंजूर’ असा पुकारा होतो, आणि प्रश्न विचारायला उठलेल्या सभासदाला शेजारचाच माणूस सदऱ्याला धरून खाली बसवतो. दिल्लीतील एकाधिकारशाहीला लागणारा नागरिक अशाच सभांतून तयार होत असतो.

मग नैतिक मूल्ये म्हणजे काय? ती सद्गुणांची यादी नव्हे. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे उदाहरण याच कारणासाठी घ्यायचे. आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येते, असे देशातील अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले होते. त्यात ज्याच्या अधिकारक्षेत्रात बुलढाणा जिल्हा येतो ते मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते, हे येथील कार्यकर्त्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ते निर्णय फिरवले. तो ‘एक’ खन्ना यांचा. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश करण्यात आले व त्यांनी राजीनामा दिला. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो बहुमताचा निर्णय चुकीचा ठरवला. खन्नांनी कोणतेही अलौकिक कृत्य केले नाही; त्यांनी आपल्या पदाचे नेमलेले काम केले. इतरांनी ते केले नाही म्हणून ते शौर्य ठरले. ज्याचे जे नेमलेले काम आहे ते धाकाखालीही तसेच करणे, ही नागरी नीतीची साधी व्याख्या तलाठ्याला, शिक्षकाला, वार्ताहराला आणि सोसायटीच्या सभासदालाही लागू पडते.

दुसरीकडे, सत्तांतर झाले म्हणजे नीती प्रस्थापित झाली असेही नाही. जनता राजवटीने १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही अशी तरतूद केली, हे तिचे मोठे श्रेय. पण त्याच दुरुस्तीतील प्रतिबंधक स्थानबद्धतेवर अंकुश ठेवणारे तिसरे कलम अंमलात आणण्याची अधिसूचना तिने काढली नाही, आणि नंतरच्या कोणत्याही सरकारने काढली नाही. जे तुरुंगातून सुटून मंत्री झाले त्यांनाही हे शस्त्र म्यानात ठेवलेले बरे वाटले. शासन कोणाचेही असो, स्वतःच्या हाताला बेडी ते आपणहून घालून घेत नाही. त्यासाठी बाहेरून सतत तगादा लागतो.

असा तगादा लावता येतो याचे अलीकडचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. राज्याच्या विशेष जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीने सूचना मागवल्या, तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती दाखल झाल्या. विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने संमत केले, हे खरे. त्याच्या शब्दरचनेत काही बदल करावे लागले, हेही खरे. हे बदल पुरेसे नाहीत आणि संघटनेला बेकायदा ठरवण्याचा अधिकार शासनाच्या हाती राहतोच, ही टीका योग्य आहे. तरीही कागदावर हरकत लिहून, खाली स्वतःचे नाव-गाव घालून ती पाठवणाऱ्या माणसाने मोर्चातील घोषणेपेक्षा वेगळे काही केलेले असते. घोषणा गर्दीची असते. हरकतीखाली सही एकट्याची असते.

या जिल्ह्याला ही परंपरा नवी नाही. पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी १९२७ साली महात्मा फुल्यांचे चरित्र लिहिले ते याच मातीत, सत्यशोधक विचार गावोगावी पोहोचवण्याच्या कामाचा एक भाग म्हणून. भटशाहीला आणि सावकाराला प्रश्न विचारायला शिकलेला शेतकरी उद्या सरकारलाही विचारील, हा त्या चळवळीचा भरवसा होता.

आज त्या भरवशाची कसोटी कोठे लागते? कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हावयाच्या असतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हवीत. ती जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ही पळवाट प्रत्येक सरपंचाला ठाऊक असते. पहिली सभा मोडू द्यायची, दुसरीत पाच-दहा जणांनी बसून खर्चाला मान्यता द्यायची आणि इतरांच्या सह्या मागाहून घरी जाऊन घ्यायच्या. यातील सही नाकारणे कोणाला तुरुंगात नेत नाही. फार तर घरकुलाच्या यादीत नाव मागे पडते. पण ज्याचे छप्पर गळते त्याच्यासाठी ते थोडे नाही, आणि म्हणूनच त्याच्या एकट्याच्या धैर्यावर सारे सोपवणे हा अन्याय होईल. येत्या २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला व २ ऑक्टोबरला पक्षाच्या प्रत्येक शाखेने आपापल्या गावात पहिल्याच सभेला शंभर माणसे, त्यांत भूमिहीन आणि स्त्रिया अधिक, अशी बसवावीत. सरपंच आपल्या पक्षाचा असेल तेथे तर आधी.