यादीतला आकडा आणि कायद्यातला मोबदला
(अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत एका निवृत्त वकिलांनी केलेले भाषण)



कायद्यावर चार शब्द बोलावे अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा मी म्हटले, "उत्सवाच्या दिवशी कोर्टाची भाषा कशाला?" ते म्हणाले, "मंडळी आधी सह्या करतात आणि मग अर्थ विचारायला येतात." यावर मला उत्तर सुचले नाही. बडोदेकरांना तर शब्द नव्हते अशी सबबही सांगता येत नाही. 1931 साली येथील राज्याने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश काढून राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना मराठी-गुजरातीसह अनेक भाषांतील प्रतिशब्द दिले. शब्द आहेत, घरापर्यंत पोचले नाहीत, इतकेच.

आज मी मुख्यत्वे एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. तो म्हणजे 'मोबदला'.

दिलेला प्रत्येक शब्द म्हणजे करार नव्हे. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे एकाने प्रस्ताव मांडावा, दुसऱ्याने तो जसाच्या तसा स्वीकारावा, दोघे सज्ञान असावेत, संमती खुषीची असावी, हेतू बेकायदा नसावा, आणि मोबदला असावा. कागद हवाच असे नाही. बहुतेक व्यवहारांत तोंडी करारही चालतो, पुरावा मात्र जड जातो. मोबदला म्हटला की आपल्यापुढे रोकड येते. कायद्याचा अर्थ अधिक रुंद आहे. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून वचन घेणाऱ्याने किंवा अन्य कोणी काही केले, अथवा करावयाचे टाळले, तरी तो मोबदलाच.

याचा आपल्या संस्थेशी काय संबंध? वर्गणीच्या यादीत आकडा घालतो त्याला बदल्यात काय मिळते? काहीच नाही. मग तो आकडा वसूल करता येतो काय?

हावड्यास टाऊन हॉल बांधावयाचा होता. एका गृहस्थांनी यादीत शंभर रुपये घातले. यादी वाढली, तसा आराखडाही वाढला. खर्च 26,000 वरून 40,000 वर गेला, आणि यादीच्या भरवशावर कंत्राटदाराशी करार झाला. गृहस्थ पैसे देईनात. 1886 साली कलकत्ता हायकोर्टाने सांगितले, पैसे दिले पाहिजेत. वर्गणी कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक होते, त्यांच्या शब्दावर दुसऱ्याने कंत्राटाचे ओझे पत्करले, तोच मोबदला.

याउलट 1914 चे अलाहाबादचे प्रकरण. मशिदीच्या दुरुस्तीसाठी पाचशे रुपयांचे वचन होते, परंतु त्या वचनावर विसंबून काही काम झालेले नव्हते. कोर्टाने वसुली नाकारली. दोन्हीकडे पुण्यकार्य, दोन्हीकडे दिलेला शब्द. फरक पडला तो काम सुरू झाल्याने. तेव्हा विश्वस्तांनी कंत्राटावर सही केल्याची तारीख जपून ठेवावी.

दुसरा शब्द 'मुदत'. त्याविषयी थोडक्यात सांगतो, पण घरोघर नुकसान होते ते यानेच. हातउसने दिलेल्या पैशांसाठी दावा तीन वर्षांत लावावा लागतो. फेडीची तारीख ठरली असेल तर तेथून मोजणी होते. परंतु "मागाल तेव्हा देईन" असे ठरले असेल, तर मागणी केल्यापासून नव्हे, पैसे दिल्यापासूनच तीन वर्षे धावू लागतात. एक विधवा बाई नणंदेच्या घरी दिलेल्या पैशांसाठी माझ्याकडे आल्या, त्या चौथ्या वर्षी. संकोचापोटी त्यांनी मागितलेच नव्हते. मुदतीच्या आत देणेकऱ्याने देणे मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले असते, तर तेथून नवी तीन वर्षे मिळाली असती. मुदत गेल्यावरही त्याने "देईन" असे सहीनिशी लिहून दिले तर ते वचन बांधते. तेथे कायदा नवा मोबदला मागत नाही. पण तसे लिहून देणारा माणूस बहुधा आधीच पैसे देतो. आता फोनवरून पैसे जातात आणि नोंद राहते हे खरे; पण ते उसने होते की भेट, हे ती नोंद सांगत नाही. पाठविताना तेवढा एक शब्द लिहावा.

आता घरची गोष्ट. 1974 साली याच सभागृहाच्या यादीत माझ्या वडिलांनी दोनशे एक्कावन्न रुपयांचा आकडा घातला आणि तो भरण्याआधीच ते वारले. आईने विचारले, "बाळ, हे देणे होते का रे?" मी नवा वकील. ऐटीत सांगितले, "नाही आई, मोबदला नाही, कायद्याने बंधन नाही." संस्थेने कंत्राट दिले होते काय, हे विचारण्याचे मला सुचलेच नाही. ते दोन महिन्यांपूर्वीच दिलेले होते, आणि वडिलांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून ही रक्कम मागता आली असती. कोणी मागितली मात्र नाही.

आईने माझे उत्तर ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःच कचेरीत जाऊन पैसे भरून आली. पावती घरी आहे. तिच्यावर वडिलांचे नाव आहे.