एका पुस्तकविक्याचा संग्रह

नवी वसाहत उभी राहत असतां इतिहास लिहावयास कोणासच सवड नसते. जंगल तोडणारा, विहीर खणणारा, खाणीवर राबणारा मनुष्य उद्यांच्या भाकरीच्या विवंचनेंत असतो. त्यानें घरीं धाडलेलें पत्र, गांवांतल्या पहिल्या छापखान्यानें काढलेलें चार पानी वर्तमानपत्र, दुकानदाराची जाहिरात, प्रवाशांकरितां छापलेलें वाटांचें टिपण, हे सारे कागद काम होतांच टाकून दिले जातात. पन्नास वर्षें लोटल्यावर नातवंडांस आजोबा येथें कसे आले हें जाणून घ्यावेंसें वाटतें. पण तोंपर्यंत आजोबा गेलेले असतात आणि कागदहि गेलेले असतात. ही हानि टाळण्याचें काम जुन्या ग्रंथांचा संग्राहक करतो. लोक त्यास छांदिष्ट म्हणतात. परंतु त्याच्या छंदावर एका प्रांताची सगळी स्मृति कशी अवलंबून राहते, हें अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ह्यूबर्ट हाऊ बॅन्क्रॉफ्ट या पुस्तकविक्याच्या चरित्रावरून दिसून येतें.

बॅन्क्रॉफ्टचा जन्म १८३२ सालीं ओहायो संस्थानांत झाला. १८४८ त कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें आणि त्या बाजूस माणसांची रीघ लागली. १८५२ त, विशीच्या उंबरठ्यावर असतांना, बॅन्क्रॉफ्टहि सॅन फ्रान्सिस्कोस येऊन पोहोंचला. पण त्याचा खरा धंदा पुस्तकविक्रीचा. १८५६ त त्यानें तेथें स्वतःची पेढी काढली. १८५९ सालीं पेढीतर्फे पंचांगवजा माहितीपुस्तक काढावयाचें ठरलें. तें तयार करणाऱ्या गृहस्थाच्या सोयीसाठीं दुकानांतील कॅलिफोर्निया व आसपासचा मुलुख यांविषयींचीं सर्व पुस्तकें एकत्र मांडण्यांत आलीं. तीं ५० ते ७५ भरलीं. एवढ्या नव्या मुलखाविषयीं इतकीं पुस्तकें असतील, असें खुद्द मालकासहि वाटलें नव्हतें. त्या एका फळीनें त्याच्या आयुष्यास वळण दिलें.

प्रथम त्यानें शहरांतील जुन्या पुस्तकांचीं दुकानें धुंडाळलीं, मग न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया, आणि पुढें लंडन, पॅरिस. पहिल्यानें कॅलिफोर्नियापुरतें असलेलें क्षेत्र वाढत वाढत अलास्कापासून पनामापर्यंतच्या मुलखाचें झालें. दुर्मिळ ग्रंथ तेवढे निवडावे आणि बाकीचे सोडावे, अशी पद्धत त्यानें ठेविली नाहीं. कोणता कागद पुढें उपयोगी पडेल, हें आज सांगतां येत नाहीं, म्हणून चोपडीं, नकाशे, वर्तमानपत्रें, सारें तो घेत गेला. श्रीमंत संग्राहक देखण्या बांधणीचें पुस्तक शोधतो. इतिहासास मात्र पुष्कळदां त्या देखण्या पुस्तकापेक्षां चार आण्यांचें चोपडेंच अधिक सांगतें, आणि स्वस्त म्हणूनच तें आधीं नाहींसें होतें.

संग्रह वाढण्यास दुसऱ्याच्या दुर्दैवाचाहि हातभार लागतो. मेक्सिकोंतील आंद्रादे नांवाच्या पुस्तकविक्यानें सुमारे चाळीस वर्षें खपून जमविलेले ग्रंथ सम्राट् मॅक्सिमिलियन यानें राजग्रंथालयासाठीं घेतले होते. १८६७ त सम्राट् गोळीस बळी पडला आणि तें भांडार खेचरांच्या पाठीवरून बंदरावर व तेथून युरोपांत गेलें. १८६९ च्या जानेवारींत लाइप्झिग येथें त्याचा लिलांव झाला, त्यांत बॅन्क्रॉफ्टनें सुमारे ३,००० ग्रंथ मिळविले.

येथपर्यंतची कामगिरी पैशाची होती. पुढील कामगिरीस पैशाबरोबर आर्जवहि लागलें. छापील पुस्तकांत स्पॅनिश व मेक्सिकन अमदानींतील कॅलिफोर्नियाची हकीकत फारशी नव्हती. ती जुन्या घराण्यांच्या पेट्यांत आणि वृद्धांच्या आठवणींत होती. सोनोमाचे जनरल मारियानो वाल्येहो यांनीं पूर्वीं लिहिलेला इतिहास १८६७ त घरास लागलेल्या आगींत जळाला होता. आपला प्रांत बळकावणाऱ्या लोकांपैकीं एकास सारें सांगावें कीं नाहीं, याविषयीं ते प्रथम साशंकच होते. बॅन्क्रॉफ्टच्या माणसानें त्यांचें मन हळूहळू वळविलें. अखेर त्यांनीं आठवणींचे पांच खंड सांगितले आणि जपून ठेवलेले दस्तऐवजहि संग्रहास दिले. १८७७ च्या डिसेंबरांत टॉमस सॅव्हेज या मदतनिसानें एउलालिया पेरेस नांवाच्या अतिवृद्ध स्त्रीची हकीकत टिपून घेतली. सॅन गॅब्रिएलच्या ख्रिस्ती मठाच्या कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेस असत. शिधा कसा वांटीत, कपडे कसे बेतीत, हें तिनें सांगितलें. राजपुरुषांच्या पत्रव्यवहारांत ही माहिती कोठून मिळणार?

याच सुमारास दुसरें एक किचकट काम झालें. स्पॅनिश अमदानीचें दप्तर सॅन फ्रान्सिस्कोंतील सरकारी कचेरींत होतें. त्याचीं सुमारे ३०० बाडें होतीं. सॅव्हेजच्या देखरेखीखालीं कारकुनांनीं महिनेच्या महिने तेथें बसून त्यांच्या नकला व सारांश उतरून काढले. अस्सल कागद सरकारी कुलपांत सुरक्षित असतां नकलांवर एवढा खर्च कशाला, असें त्या वेळीं कोणीहि म्हटलें असतें.

बॅन्क्रॉफ्टचे दोषहि सांगितले पाहिजेत. या साधनांवरून त्यानें ३९ खंडांचा ग्रंथसंभार प्रसिद्ध केला. मुखपृष्ठावर नांव त्याच्या एकट्याचें. प्रत्यक्षांत त्यांतील बराच मोठा भाग हेन्री ओक, फ्रान्सेस फुलर व्हिक्टर इत्यादि मदतनिसांनीं लिहिला होता. आत्मचरित्रांत त्यानें त्यांची ओळख करून दिली, पण लेखक म्हणून मान दिला नाहीं. उलट बाजूनें, पहिल्या वसाहतवाल्यांविषयीं या खंडांत परखड लिहिलें गेलें म्हणून त्यांच्या मंडळानें १८९४ त त्याचें नांव सन्माननीय सभासदांतून काढून टाकलें. पूर्वजांचे कागद जमवावे हें सर्वांस आवडतें. ते कागद काय सांगतात तें ऐकून घेणें मात्र सर्वांसच आवडतें असें नाहीं.

१८८१ त त्यानें ग्रंथसंग्रह गजबजलेल्या मार्केट स्ट्रीटवरील पेढींतून हलवून व्हॅलेन्शिया स्ट्रीटवरील स्वतंत्र विटांच्या इमारतींत नेला. १८८६ त पेढीची इमारत भस्मसात् झाली, ग्रंथ वांचले. १९०५ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठानें संग्रह अडीच लक्ष डॉलर्सना घेण्याचें ठरविलें आणि त्यांतील एक लक्ष बॅन्क्रॉफ्टनेंच देणगीदाखल दिले. ग्रंथ हलविण्यापूर्वींच १८ एप्रिल १९०६ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोस भयंकर भूकंप झाला आणि पाठोपाठ आग भडकली. शहराचे माजी महापौर अॅडॉल्फ सुट्रो यांच्या प्रचंड ग्रंथसंग्रहाचा निम्म्याहून अधिक भाग त्यांत गेला. सरकारी कचेरींतील स्पॅनिश दप्तरहि बहुतेक सारें जळालें. व्हॅलेन्शिया स्ट्रीटवरील इमारत मात्र उभी राहिली. पुढील महिन्यांत ग्रंथ खाडीपलीकडे बर्कली येथें नेण्यांत आले. ते आजहि तेथें विद्यापीठाच्या बॅन्क्रॉफ्ट ग्रंथालयांत आहेत, आणि जळालेल्या दप्तराचें काम त्या कारकुनांच्या नकलांवरच भागवावें लागतें.

बॅन्क्रॉफ्ट १९१८ त वारला. त्याचे खंड पुढील अभ्यासकांनीं तपासले, कांहीं ठिकाणीं खोडलेहि. त्याच्या संग्रहावांचून मात्र त्यांतील कोणाचेंच चाललें नाहीं. त्याच्यासारखें हजारो ग्रंथ विकत घेणें फार थोड्यांस साधेल. परंतु त्यानें केलेल्या कामांपैकीं दोन कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबास करतां येण्याजोगीं आहेत: जीर्ण कागद फाटण्यापूर्वीं त्याची स्वच्छ नक्कल करून ती दुसऱ्या घरीं ठेवणें, आणि घरांतील वृद्ध माणसांचें बोलणें तारीख घालून उतरून घेणें. मठाचा शिधा कोणास किती मिळे, हें एउलालिया पेरेसच्या शब्दांत आज वाचतां येतें. कारण एका डिसेंबरांत कोणी तरी कागद घेऊन तिच्यासमोर बसला होता.