छप्पर आपले, पण लाइट बिल कोणाच्या नावाचे?

(वडोदरा येथे मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे, तेव्हा भाषण कमी आणि हिशेब जास्त, हे समजून घ्या.

पंतप्रधान सूर्य घर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. ‘मुफ्त’ शब्दावर जाऊ नका. फुकट वीज कोणी घरी आणून देत नाही. आपल्याच गच्चीवर वीज तयार करायची आणि त्या खर्चाचा काही भाग केंद्र सरकारने द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००. त्याहून मोठा प्लांट बसवला तरी रक्कम तेवढीच. तीन किलोवॅटला सुमारे ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि महिन्याला सरासरी ३०० युनिटच्या वर वीज होते.

गुजरात या कामात देशात पुढे आहे. सोसायट्यांच्या गच्च्यांवर सगळीकडे पॅनल दिसतात. आपल्या जुन्या वाड्यांवर का दिसत नाहीत? लाकूड जुने, कौले नाजूक, हे एक कारण; वजन पेलेल की नाही हे इंजिनियरला दाखवूनच ठरवावे. पण खरे कारण कागदात आहे.

अर्ज वीजग्राहक क्रमांकावरून होतो. बिलावरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव जुळावे लागते, कारण अनुदान खात्यात थेट जमा होते, तेही प्लांट बसून तपासणी झाल्यावर. आणि आपल्याकडे बिल कोणाच्या नावावर? पणजोबांच्या! त्यांचे खाते कुठून आणणार? मृत्यूचा दाखला, पेढीनामा, वेरा पावती, हिस्सेदारांची संमती, हे सारे जमवून नाव बदलून घ्यावे लागते.

इथेच गाडी अडते. एक भाऊ इथे, दुसरा पुण्याला, तिसरा परदेशात. नाव बदलायचे म्हटले की वाटते, हा वाडा गिळणार. मंडळी, लाइट बिलावरचे नाव हा मालकीचा पुरावा नाही. बिल कोणाच्याही नावे असो, हिस्सा हिस्साच राहतो. संमतिपत्रात तसे स्पष्ट लिहा, म्हणजे कोणाच्या मनात किंतु नको. प्लांटचा खर्च कोणी केला, तेही त्यातच लिहा. आणि बहिणींना विसरू नका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. सही मागायला राखीपौर्णिमेची वाट पाहू नये!

पैशांचे म्हणाल, तर तीन किलोवॅटपर्यंत बँका बिनतारण कर्ज देतात. मात्र अनुदान मागाहून येते, हे धरूनच हप्ता ठरवा. पॅनल देशी बनावटीचेच हवे, नाहीतर अनुदान नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा कोटेशनमध्ये कर कितीने लावला ते बघून घ्या.

एक गोष्ट मला खटकते. वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहणारी आपलीच कुटुंबे आहेत. बिल ती भरतात, पण छपरावर हक्क नाही म्हणून मालकाच्या परवानगीशिवाय अनुदानही नाही. मंडळाने आमदार-खासदारांना निवेदन द्यायचे असेल, तर पहिला मुद्दा हा असावा.

योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आखलेली आहे. सह्या गोळा करायलाच सहा महिने जातात, हा बँकेतला अनुभव. आज घरी गेल्यावर आधी लाइट बिल काढून नाव वाचा. अडचण असेल त्यांनी बिल घेऊन मला सभेनंतर भेटावे.