चढणीचे मासे आणि भीमा नदी



मृगाचा पाऊस पडला, ओढ्याला तांबडं पाणी आलं, की भीमाकाठच्या गावांतून पोरंसोरं जाळी, पाट्या, जुनी मच्छरदाणी, जे हाताला लागेल ते घेऊन धावतात. चढणीचे मासे आलेले असतात! आज त्या माशांविषयीच बोलायचं आहे.

उन्हाळ्यात नदी आटली की मासे डोहात तग धरून राहतात. पहिल्या पुराबरोबर ते प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि काठाच्या उथळ पाण्यात, ओढ्या-ओहोळांत अंडी घालतात. म्हणजे चढणीला जी मादी सापडते, तिच्या पोटात बहुधा गाभोळी असते. कटल्यासारख्या मोठ्या माशाच्या एका मादीत लाखाच्या वर अंडी भरतात. कालवण एक वेळचं झालं. नदीचं किती गेलं, तो हिशेब आपणच करावा.

या नद्यांतले मासे पूर्वीपासून नामांकित. कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या माशांची माहिती १८३९ साली प्रसिद्ध केली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच त्यांनी पुष्कळ माशांना दिली. महसीर जातीच्या एका माशाच्या शास्त्रीय नावात ‘खुद्री’, दुसऱ्या एका माशाच्या नावात ‘कोलस’ हे शब्द आजही आहेत. हे दोन्ही मासे वाहत्या, स्वच्छ पाण्याचे.

उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. उसाला पाणी मिळालं, ते नाकारून चालणार नाही. पण चढणाऱ्या माशाला भिंत आडवी आली, आणि वरून पुणे-पिंपरीचं सांडपाणी येऊन साचू लागलं. अशा संथ पाण्यात चिलापीचं फावलं. हा मासा भारतात १९५२ साली बाहेरून आणला. त्याची मादी अंडी तोंडातच सांभाळते. तिला ना पूर लागतो, ना चढण. म्हणून जाळं चिलापीनं भरलं, एवढ्यावरून नदी धडधाकट आहे असं समजू नका. वाम, शिवडा, मरळ, शिंगटा असे नाना जातींचे मासे मिळतात का, ते भोई मंडळींना विचारा.

आता कोणी म्हणेल, मासे भोई धरतात, शेतकऱ्याचा काय संबंध? संबंध औषधाचा आहे. सायपरमेथ्रीनसारखी कीडनाशकं पाण्यात अगदी थोडी मिसळली तरी मासे मरतात. तेव्हा फवारणीचा पंप ओढ्यात किंवा नदीत धुऊ नका. पाणी बादलीनं वर आणा, पंप विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब पडीक जागेत धुवा, धुण्याचं पाणी तिथंच जिरू द्या. रिकामे डबे पाण्यात टाकू नका.

डोहात सुरुंग लावणं, ब्लिचिंग पावडर टाकणं हे तर गावानं बसून बंदच करावं. त्यात मोठ्या माशाबरोबर बोटाएवढी पिल्लंही जातात. परदेशी मांगूर शेततळ्यात सोडू नका. त्याला बंदी आहे, आणि पुरात तो नदीत शिरला तर इथले मासे खातो.

आणि यंदा मृग लागला की पहिल्या पुराचे दोन-चार दिवस ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावू नका. मासे वर जाऊ द्या.