विस्मरण हा अपराध नव्हे

(ज्युबिली वर्षांतील जागतिक रुग्णदिनीं धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



रुग्णदिनीं आपण खाटेवरच्या रुग्णांचें स्मरण करतों. आज मला अशा माणसांविषयीं बोलावयाचें आहे, कीं ज्यांना आपण रुग्ण समजतच नाहीं. कर्करोगावरील त्यांचे उपचार संपले आहेत, गळालेले केस पुन्हां आले आहेत, रविवारच्या मिस्सेला तीं आपल्या शेजारीं बांकावर बसतात. 'देवाची कृपा, दुखणें गेलें,' असें आपण म्हणतों, आणि तें खरेंही असतें. तथापि त्यांतील पुष्कळांना एक निराळाच त्रास होत असतो. चुलीवर दूध ठेवल्याचें भान राहत नाहीं. ओळखीच्या माणसाचें नांव ओठांवर येऊन अडतें. एकच बेरीज चार वेळां करावी लागते. दोन माणसें एकदम बोलूं लागलीं कीं कोणाचेंच बोलणें नीट कळत नाहीं. हें तीं कोणाला सांगत नाहींत. कारण 'आळशी' किंवा 'भ्रमिष्ट' म्हणवून घेण्याची त्यांना भीति वाटते.

हा प्रश्न पूर्वी फारसा विचारला गेला नाहीं, याचें कारण समजण्यासारखें आहे. परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, त्या वेळीं कर्करोगावर शस्त्रक्रिया व किरणोपचार हींच मुख्य साधनें होतीं. केमोथेरपी, म्हणजे औषधांनीं करावयाचा उपचार, त्यानंतरच्या दशकांत वाढीस लागली. जोंवर रोगी वांचतो कीं नाहीं हीच चिंता होती, तोंवर त्याच्या स्मरणशक्तीची विचारपूस कोण करणार? आतां वांचणारे वाढले, तेव्हां वांचल्यानंतरच्या जीवनाचा विचार करणें प्राप्त झालें.

१९८० सालीं अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञ पीटर सिल्बरफार्ब यांनीं केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांच्या बुद्धिव्यापारांतील अडचणींकडे लक्ष वेधलें. पुढें १९९८ सालीं नेदरलँड्समधील संशोधकांनीं स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रियांची परीक्षा घेतली. मोठ्या मात्रेची केमोथेरपी घेतलेल्यांपैकीं ३२ टक्के, नेहमींच्या मात्रेची घेतलेल्यांपैकीं १७ टक्के, आणि मुळींच न घेतलेल्यांपैकीं ९ टक्के स्त्रियांत असा बिघाड आढळला. २०१७ सालीं अमेरिकेंत अशाच ५८१ रुग्ण स्त्रियांची तुलना कर्करोग नसलेल्या ३६४ स्त्रियांशीं प्रसिद्ध झाली. उपचारानंतर सहा महिन्यांनींही पहिल्या गटांतील ३६.५ टक्के स्त्रियांनीं आपली स्मृति व एकाग्रता पूर्वीपेक्षां घटल्याचें सांगितलें. दुसऱ्या गटांत हें प्रमाण १३.६ टक्के होतें. वयोमानानें सर्वांनाच विसर पडतो, असें म्हणणाऱ्यांना हें उत्तर पुरेसें आहे.

कोणी विचारील, 'डॉक्टरांच्या चाचणींत तर सर्व ठीक निघालें. मग तक्रार कशाची?' या शंकेचें समाधान करणारें एक उदाहरण सांगतों. २००७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं साठ वर्षांच्या दोन जुळ्या बहिणींची तपासणी प्रसिद्ध केली. दोघी एकाच बीजाच्या. एकीनें केमोथेरपी घेतलेली, दुसरीला कर्करोग झालेलाच नव्हता. लेखी व तोंडी चाचण्यांत दोघींचे गुण जवळजवळ सारखे आले. परंतु पहिली म्हणे, 'मला फार जड जातें.' मग मेंदूचीं चित्रें घेतलीं, तेव्हां असें दिसलें कीं तेंच काम करतांना पहिलीच्या मेंदूचा अधिक विस्तृत भाग राबत होता. उत्तर दोघींचें एकच. श्रम मात्र एकीचे अधिक! एका कुटुंबावरून सिद्धांत बांधतां येत नाहीं, हें खरें. पण गुण पाहून श्रम कळत नाहींत, एवढा बोध त्यांतून खचित मिळतो. सायंकाळीं आपली आई, पत्नी किंवा भाऊ थकून गप्प बसला असेल, तर हें ध्यानांत धरा.

या विकाराचें कारण एकच नाहीं. औषधांचा परिणाम, शरीरांतील दाह, रक्ताची उणीव, अकालीं आलेली ऋतुनिवृत्ति, निद्रानाश, थकवा, चिंता, खिन्नता, हीं सर्व त्यांत मिसळतात. मेंदूवर किरणोपचार झाले असतील तर त्यांचाही वांटा असतो. कांहीं रुग्णांत तर उपचारापूर्वींच ही मंदता आढळली आहे. म्हणून माझें भाषण ऐकून कोणीं केमोथेरपी टाळूं नये. जीव वांचविणाऱ्या औषधाला विसराच्या भयानें नाकारणें शहाणपणाचें नव्हे. पुष्कळांची स्मृति उपचारानंतर कांहीं महिन्यांत अथवा वर्षभरांत सुधारते. कांहींजणांत मात्र हा त्रास वर्षानुवर्षें राहतो. पण म्हातारपणींच्या स्मृतिभ्रंशाप्रमाणें तो सहसा वाढत जात नाहीं. विसर एकाएकीं वाढला, डोकें सतत दुखूं लागलें किंवा झटके आले, तर मात्र विलंब न करतां डॉक्टरांकडे जावें.

यावर खात्रीचें औषध अद्याप नाहीं. परंतु उपाय आहेत. रक्त, थायरॉईड व जीवनसत्त्व ब-१२ यांची तपासणी करून घ्यावी. झोपेच्या किंवा इतर गोळ्यांनीं मंदपणा येतो काय, तें डॉक्टरांस विचारावें. मन खिन्न असेल तर तेंही सांगावें. रोज फिरावयास जावें, झोप पुरी घ्यावी, एका वेळीं एकच काम हातीं घ्यावें. वही जवळ बाळगावी; किल्ल्या, चष्मा, औषधें यांच्या जागा ठरवाव्या. वहींत लिहिण्यांत कमीपणा नाहीं. हिशोबनीस लिहितो तो कांहीं मूर्ख म्हणून नव्हे.

कित्येक भाविकांना याहून खोल असें एक शल्य असतें. जपमाळेच्या कोणत्या दशकांत आहोंत तें त्यांना कळत नाहीं, प्रवचनाचें पहिलें वाक्य दुसऱ्यापर्यंत टिकत नाहीं, आणि आपला विश्वासच थंडावला असें त्यांच्या मनांत येतें. त्यांना मी धर्मगुरु या नात्यानें सांगतों: जें इच्छेनें केलें नाहीं तें पाप नव्हे. इच्छेविरुद्ध भटकणारें चित्त ही प्रार्थनेंतील जुनीच अडचण आहे, आणि तें पुन्हां देवाकडे वळविणें हीच प्रार्थना. मणी मोजणें बोटांचें काम आहे. तें त्यांच्यावर सोंपवावें, आणि चुकल्यास पुढें चालावें.

आतां आपल्याकडे वळतों. 'सांगितलें होतें ना!' हें वाक्य घरांतून हद्दपार करा. चारचौघांत त्यांची परीक्षा घेऊं नका, आणि दया म्हणून त्यांच्या हातचें सर्व कामही काढून घेऊं नका. गायनमंडळांतील भगिनीला गीताचे शब्द पाठ राहत नसतील, तर कागद हातांत द्या. वाचनाची पाळी असेल, तर आदल्या दिवशीं आठवण करा आणि सोबतीला एकजण उभा राहूं द्या. यादींतून नांव मात्र खोडूं नका. त्या नांवाबरोबर माणूसही घरीं बसतो.

ज्युबिली हा स्मरणाचा उत्सव आहे. ज्यांनीं हें मंदिर बांधलें, त्यांना आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलेंही नाहीं. तरी एकानें दुसऱ्यास सांगत ती आठवण आपण इथपर्यंत आणली. मग ज्याची आठवण आज दुर्बळ झाली आहे, त्याच्यासाठीं तितकेंच करणें आपणांस जड कां वाटावें? त्याचा शब्द अडला तर घाई न करतां थांबा. त्याची गोष्ट तुटली तर पुढचा धागा हळूच हातीं द्या. परमेश्वर तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो.