शिशाचा अंगरखा

टॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरन्स डॅली नावाचा काच फुंकणारा एक कारागीर होता. १८९५ च्या नोव्हेंबरात रॉन्टजेन यांनी जर्मनीत क्ष-किरणांचा शोध लावला आणि थोड्याच काळात डॅली क्ष-किरणांच्या नळ्या घडवून त्या स्वतःच्या हातांवर पारखू लागला. आधी कातडी भाजल्यासारखी झाली, मग व्रण पडले, मग कर्करोगाने गाठले. दोन्ही हात कापूनही तो वाचला नाही. १९०४ मध्ये त्याचा अंत झाला आणि एडिसन यांनी ते संशोधनच सोडून दिले. या विद्येपायी प्राण गमावलेल्यांचे स्मारक १९३६ साली हॅम्बुर्ग येथे उभारले गेले. त्यावर तेव्हाच दीडशेहून अधिक नावे होती.

क्ष-किरण दिसत नाहीत, अंगाला भासत नाहीत. विस्तव चटका देऊन निदान सावध तरी करतो. आज तंत्रज्ञाला मुख्य भय असते ते विखुरलेल्या किरणांचे. खडकावर आपटलेल्या लाटेचे तुषार उडावेत तसे रोग्याच्या देहावर पडलेले किरण चहूकडे फाकतात. त्यांच्यासाठीच शिशाचा अंगरखा, म्हणजे रुग्णालयीन भाषेत लेड ॲप्रन, असतो. रबरासारख्या लवचीक पत्र्यात शिशाची पूड मिसळून तो करतात. अर्धा मिलिमीटर शिशाइतकी त्याची शक्ती असली, तर नेहमीच्या कामात विखुरलेल्या किरणांपैकी नऊ-दशांशांहून अधिक तो अडवितो. मात्र थेट झोतासमोर उभे राहण्याचा तो परवाना नव्हे. रडणाऱ्या मुलाला धरण्यासाठी झोतात हात घालणाऱ्या तंत्रज्ञाचे हात उघडेच असतात. मुलाला धरणे अटळच असेल, तर ते काम अंगरखा घातलेल्या नातलगाने करावे. गर्भवतीने मात्र नव्हे. तंत्रज्ञापुढे असे मूल रोजच येते.

अंगरख्याचा खरा शत्रू म्हणजे घडी. अंगावरचा भार नकोसा झाला की तो खुर्चीच्या पाठीवर टाकला जातो, नाहीतर चादरीसारखा दुमडून कपाटात ठेवला जातो. घडीच्या रेषेवर आतला पत्रा तडकतो. वरचे आवरण मात्र नव्यासारखेच दिसते. हे दोष शोधण्यासाठी शेवटी क्ष-किरणांचाच आधार घ्यावा लागतो. वस्तुतः भिंतीवरच्या एका दांडीने हे नुकसान टळते! अंतराला तर तेवढाही खर्च नाही: अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता साधारण चौथाईवर येते.

भारतात या कामावर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले. व्यवसायात मिळणारी मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टच्या आत राहावी, असा दंडक आहे. ती मोजण्यासाठी छातीवर, अंगरख्याच्या आत, एक छोटा बिल्ला लावतात आणि ठरावीक मुदतीने तपासणीसाठी पाठवितात. बिल्ला एकही किरण अडवीत नाही. तो केवळ हिशेब ठेवतो. मेजाच्या खणात पडून राहिलेला बिल्ला दप्तरात शून्य लिहितो, आणि ते शून्य कोणाच्याही देहाचे नसते. उलट, खोलीतच टांगून ठेवलेला बिल्ला रजेवर गेलेल्या माणसाच्या नावावरही मात्रा चढवितो. मग चौकशीचे पत्र येते आणि त्या माणसाला आपण त्या दिवसांत कुठे होतो, हे आठवून लिहून द्यावे लागते.