पूर्वजांची नावे लिहून ठेवा

(फुलचूर, जि. गोंदिया येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकिलांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेत मी कायद्याविषयी बोलावे, अशी आपली इच्छा आहे. कायद्याविषयी मी बोलणारच आहे. परंतु त्यापूर्वी आपणांस कोल्हापूरजवळच्या वळिवडे या गावी नेणार आहे. फुलचूरपासून ते महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. ज्या करवीर संस्थानात १९२० साली माणगावची परिषद भरली आणि शाहू छत्रपतींनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, त्याच संस्थानातले हे गाव. येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बायका आणि मुलेच अधिक होती. बराकींच्या रांगा, शाळा, रुग्णालय, चर्च, बालवीरांची पथके, असे एक संपूर्ण परदेशी गावच तेथे वसले होते.

हे लोक येथे आले कसे, ते थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलरने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. पूर्व भागातील लाखो लोकांना १९४० व १९४१ साली मालगाड्यांत कोंडून सैबेरिया व कझाकस्तानकडे नेण्यात आले. उपासमारीने आणि रोगराईने त्यांतले पुष्कळ तेथेच मेले. पुढे हिटलर रशियावर उलटला, जुलै १९४१ मध्ये रशियाने लंडनमधील पोलिश सरकारशी करार केला आणि हे लोक मोकळे झाले. १९४२ साली जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर त्यांपैकी बरेचजण इराणमध्ये पोहोचले व तेथून निरनिराळ्या देशांत पांगले. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे सुमारे एक हजार मुलांना आश्रय दिला. ती छावणी बंद झाल्यावर तेथील उरलेली मुलेही वळिवड्यास आली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वळिवड्याचे हे लोक बहुतांशी ख्रिस्ती होते आणि त्यांना देशोधडीला लावले ते रशियाच्या राजवटीने. हिटलरने ज्यांचा वंशच्छेद केला ते ज्यू निराळे. युरोपात सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले व त्यांतले जवळजवळ निम्मे एकट्या पोलंडचे होते. या दोन दुःखांची गल्लत करू नये. आमचे दुःख त्यांच्या दुःखाशेजारी ठेवून मोठे-लहान ठरविण्याचा उद्योगही मी करणार नाही. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, वाचलेल्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी पुढे काय केले.

१९४८ साली वळिवड्याची छावणी रिकामी झाली. त्या बराकींत फाळणीमुळे परागंदा झालेले सिंधी निर्वासित राहावयास आले. आज ती जागा गांधीनगर म्हणून प्रसिद्ध आहे आणि तेथे कापडाचा मोठा व्यापार चालतो. म्हणजे त्या भूमीने एका निर्वासिताची आठवण पुसून दुसऱ्याला जागा दिली. यात कोणाचा दोष नाही. जमिनीला स्मरणशक्ती नसते. शिवाय जे पोलंडला परतले त्यांना १९८९ पर्यंत, म्हणजे तेथील साम्यवादी राजवट संपेपर्यंत, आपल्याला सैबेरियात कोणी व का नेले हे उघडपणे बोलण्याची सोय नव्हती. कित्येक घरांत आईबापांनी तोंड मिटून घेतले आणि मुले काही ठाऊक नसतानाच मोठी झाली.

तरीही ती आठवण मेली नाही. या लोकांनी 'भारतातील पोलिश लोकांचे मंडळ' स्थापिले आणि वर्षानुवर्षे मेळावे भरविले. कागदपत्रे, छायाचित्रे, पत्रे गोळा केली आणि ज्याला जे आठवत होते ते लिहावयास लावले. त्यातून २००० साली पोलिश भाषेत व २००९ साली इंग्रजीत एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांनी स्मृतिस्तंभ उभारला. सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीत वाढलेली काही मुले, आता ऐंशी-नव्वदीची झालेली, आपल्या आप्तांसह वळिवड्यास येऊन गेली. वॉर्सा शहरात कोल्हापूरचे स्मारक आहे आणि जामसाहेबांच्या नावाचा चौकही आहे.

ज्यूंनी तर याहूनही शिस्तीने हे काम केले. एखाद्या गावातून जे वाचले ते जगात जेथे असतील तेथे मंडळ स्थापून त्या नष्ट झालेल्या गावाचा स्मृतिग्रंथ काढीत. गल्ल्या कोणत्या, पाणवठा कोठे, शिंपी कोण, शिक्षक कोण, आणि शेवटी मेलेल्यांची यादी. असे शेकडो ग्रंथ निघाले. १९५३ साली इस्रायलने कायदा करून 'याद वाशेम' ही संस्था उभारली. तिचा एक साधा नमुना आहे. मृताचे नाव, आईबापांचे नाव, पतीचे किंवा पत्नीचे नाव, जन्माचे गाव, मृत्यूचे ठिकाण. आणि खाली माहिती देणाऱ्याचे नाव, त्याचे नाते व त्याची सही. प्रथम हे नमुने वाचलेल्यांनी भरले, मग मुलांनी, आता नातवंडे भरतात. पंचेचाळीस लाखांहून अधिक नावे या व इतर मार्गांनी तेथे जमा झाली आहेत. १९८९ पासून दरवर्षी स्मरणदिनी ही नावे सार्वजनिक सभांतून मोठ्याने वाचली जातात. त्या दिवशी व्याख्यान नसले तरी चालते, नावे मात्र वाचलीच पाहिजेत. जर्मनीत व आसपासच्या देशांत, ज्या घरातून माणसाला नेले त्या घरापुढच्या पदपथात त्याच्या नावाचा पितळी मढवलेला लहानसा दगड बसवितात. असे एक लाखाहून अधिक दगड बसले आहेत आणि ते बसविताना नातवंडे परदेशातून येऊन उभी राहतात.

एवढा खटाटोप नावासाठी का? कारण छळणाऱ्याने प्रथम नावच हिरावून घेतले होते. आउश्विट्झच्या छावणीत माणसाच्या हातावर आकडा गोंदवीत, आणि तो त्या आकड्याने ओळखला जाई.

आमच्या आजोबांच्या हातावर कोणी आकडा गोंदला नाही. त्यांच्या नावाचे मात्र काय केले? रामाचा राम्या झाला, गोविंदाचा गोविंद्या झाला. ज्यांच्या तोंडून हे नाव निघे त्यांच्या नावापुढे 'जी' आणि 'राव', आणि आमच्या नावाला शेपूट 'या'. हेच नाव सरकारी दप्तरात गेले. बंधूंनो, ही केवळ मानापमानाची गोष्ट असती तर ती मी आज काढली नसती. त्या शेपटामुळे आज नातवाचे प्रमाणपत्र अडते. येथून माझा कायदा सुरू होतो.

अनुसूचित जातींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी त्या आदेशात दुरुस्ती व्हावयास १९९० साल उजाडले. आज आपला मुलगा जातीच्या दाखल्याची पडताळणी करावयास जातो, तेव्हा त्याच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' एवढेच असते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचा आजा किंवा पणजा १९५० पूर्वी कोणत्या जातीचा म्हणून नोंदला होता, हे त्याला दाखवावे लागते. महाराष्ट्राच्या २००० सालच्या अधिनियमाने हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच टाकला आहे. मग वंशावळ लागते, जुन्या शाळेचा दाखल-खारीज लागतो, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद लागते. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्यापूर्वी आपण भंडाऱ्यात होतो. आणि १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपण मध्य प्रदेशात होतो. १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा झाली तेव्हा नागपूरसुद्धा मध्य प्रदेशातच होते. म्हणून जुनी नोंद पुष्कळदा हिंदीत, निराळ्या वळणाने लिहिलेली सापडते. कोतवाल बुकात तर अनेकदा 'अमक्याला मुलगा झाला' एवढेच असते, बाळाचे नावच नसते.

माझ्याकडे एका मुलीचे प्रकरण आले होते. तिच्या पणजोबांचे घरचे नाव एक आणि कागदावरचे दुसरे. दोन्ही नावे एकाच माणसाची, हे घरातील एका म्हातारीला ठाऊक होते. प्रकरण उभे राहिले तेव्हा ती म्हातारी निवर्तली होती. तिने ते नातवंडांना शंभर वेळा सांगितले असेल, पण लिहून कोणीच घेतले नव्हते. त्या एका वाक्यासाठी आम्हांला दोन वर्षे लागली.

आता कायदा काय म्हणतो ते ध्यानात घ्या. पुराव्याच्या कायद्यात ऐकीव गोष्टीला सहसा स्थान नाही. परंतु नात्यागोत्याच्या बाबतीत त्याला अपवाद आहे. ज्याला त्या नात्याची खास माहिती होती अशा, आता हयात नसलेल्या माणसाने, वाद उपस्थित होण्यापूर्वी काही सांगितले किंवा लिहिले असेल, तर ते पुराव्यात घेता येते. कुटुंबाच्या वंशावळीतील, थडग्यावरील, कौटुंबिक चित्रावरील मजकूरही घेता येतो. १८७२ च्या अधिनियमात हे कलम ३२ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २६ मध्ये आहे. 'वाद उपस्थित होण्यापूर्वी' हे शब्द मी मुद्दाम पुन्हा उच्चारतो. गरज पडल्यावर लिहिलेल्या कागदाला न्यायालय संशयाने पाहते, आणि त्यात न्यायालयाचे काही चुकत नाही.

कोल्हापूरच्या दफनभूमीत मेलेल्या पोलिश माणसाच्या नातवाला निदान एक दगड सापडतो. आपल्या पूर्वजांना दगड कोणी लावला नाही. आपला दगड म्हणजे आपली वही.

काही तरुण मला विचारतात की, धर्म सोडला, जुने देव सोडले, मग ते जुने नाव आणि ती जुनी जात पुन्हा वहीत कशाला लिहावयाची? भावना मला समजते. परंतु बावीस प्रतिज्ञांत देव नाकारले आहेत, श्राद्धपक्ष नाकारला आहे, आजी नाकारलेली नाही. जातीचा अभिमान धरण्यासाठी ती लिहावयाची नसून, कोणी कोणाचे काय हिरावले याची नोंद राहावी म्हणून लिहावयाची आहे. ज्या ज्यूंचे नागरिकत्व हिटलरच्या राजवटीने काढून घेतले, त्यांच्या वंशजांना जर्मन संविधानाच्या कलम ११६ प्रमाणे आज ते परत मागता येते. मागताना प्रत्येकाला आजोबांपर्यंतची साखळी कागदाने जोडावी लागते. ज्यांच्या घरी मौन होते त्यांना ती जोडणे फार कठीण जाते.

आणि एक सांगतो, भगिनींनी विशेष ऐकावे. आपल्या वंशावळीत बाप, आजा, पणजा एवढेच येतात. बाईचे माहेर कोणते, लग्नापूर्वीचे नाव काय, हे कोठेच येत नाही. याद वाशेमच्या नमुन्यात आईचे नाव बापाच्या नावाशेजारी असते. आपणही तसेच करावे. कोण कोणाची लेक आणि कोणत्या गावाहून आली, हे बायकांनाच अधिक पाठ असते. म्हणून हे काम महिला मंडळाने हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरुष वहीच्या पहिल्या पानावर सुंदर अक्षरात मथळा लिहितील आणि थांबतील!

विहारात एक जाड बांधणीची वही ठेवावी. प्रत्येक कुटुंबाला चार पाने द्यावीत. घरचे नाव, कागदावरचे नाव आणि लोक ज्या नावाने हाक मारीत ते नाव, तिन्ही लिहावीत. जन्मसाल ठाऊक नसेल तर बनविलेले साल लिहू नये. कोणता दुष्काळ, कोणता पूर, कोणाचे लग्न, त्याच्या आगेमागे असे लिहावे. काम कोणते करीत, कोणत्या शाळेत किती शिकले, दीक्षा केव्हा व कोणाबरोबर घेतली, अन्याय झाला असल्यास तो कोठे आणि कसा, हेही लिहावे. सांगणाऱ्याची सही अथवा अंगठा, दोन साक्षीदार आणि त्या दिवसाची तारीख. वर्षातून एकदा, धम्मचक्र प्रवर्तनदिनी, त्या वहीतील नावे उभे राहून मोठ्याने वाचावीत. त्या दिवशी भाषणे थोडी कमी झाली तरी हरकत नाही.

येत्या पौर्णिमेस ज्यांना शक्य असेल त्यांनी घरातील वृद्धांना घेऊन यावे. जुने दाखले, पावत्या, छायाचित्रे असतील तर तीही आणावीत. परंतु छायाप्रतीच आणाव्यात. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नये, वकिलाच्याही नाही.